सायकल घ्या, पण आधी रस्ता बघा

जून महिना आला की तालुक्याच्या गावात सायकलीच्या दुकानापुढे गर्दी होते. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वस्तीवरचे एक शेतकरी लेकीला घेऊन सायकल घ्यायला निघाले. चार ठिकाणी हिंडलेला माणूस म्हणून त्यांनी मलाही बरोबर घेतले. पोरगी आठवीत गेलेली. शाळा वस्तीपासून सहा किलोमीटर. दोन करडे विकून आणलेले पैसे खिशात.

दुकानात एका कोपऱ्यात साधी सायकल उभी होती. पुढे, दारातच, जाड टायरांची, शॉकअपची, गिअरची रंगीत सायकल लावलेली. पोरीची नजर तिथून हलेना. "आप्पा, ती साधी नगं. वर्गातल्या सगळ्याजणी हसत्याल." दुकानदाराने री ओढली, "डोंगराळ भागाला हीच लागते, मालक. माउंटन हाय ही." आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मीही मान डोलावली. आपला माण तालुका म्हणजे चढउतार, खडकाळ माळ, तेव्हा डोंगराची सायकल बरी असे मलाही वाटले. ती माझी चूक होती. तीच आज कबूल करायची आहे.

दिवाळीपर्यंत ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली. गिअरची तार तुटलेली, मागचे चाक आऊट, पुढचे शॉकअप एका बाजूने बसलेले. पोरगी एसटीने जाऊ लागली. एसटी चुकली की पहिले दोन तास गेले आणि संध्याकाळचा जादा तास तर बंदच. आठवी-नववीत मुलीची शाळा अशीच सुटत जाते. आधी तास बुडतात, मग दिवस, आणि मग घरचे म्हणतात, "ऱ्हाऊ दे आता."

मुळात ही दोन कुळे निराळी आहेत. रस्त्याची सायकल डांबरासाठी घडवलेली. टायर अरुंद आणि गुळगुळीत, हवा ऐंशी-शंभर पौंडांपर्यंत कडक, वजन आठ-दहा किलो. पायाचा जोर थेट चाकाला पोचतो. डोंगरी सायकलीचा जन्म मात्र अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यात झाला. १९७० च्या दशकात तिथली काही पोरे जाड टायरांच्या जुन्या जडशीळ सायकली घेऊन डोंगराच्या मातीच्या वाटेने सुसाट खाली उतरत. उतार संपेपर्यंत मागच्या चाकातले ग्रीस ब्रेकच्या उष्णतेने जळून जाई, पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच 'रीपॅक' पडले. त्या खेळातून रुंद टायर, भक्कम सांगाडा आणि पुढे शॉकअप आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तो खेळ ऑलिंपिकमध्येही आहे. म्हणजे सायकल वाईट नाही. दगडधोंड्यांतून, पायवाटेने, वेगात उतरायला ती उत्तमच.

पण आपल्या पोरी डोंगर उतरायला जातात की शाळेला? नंतर मी वस्ती ते शाळा हा रस्ता नीट हिशेबात घेतला. सहा किलोमीटरांपैकी वस्ती ते फाटा दीड किलोमीटर मुरूम, पुढचे साडेचार किलोमीटर डांबर. दीड किलोमीटरसाठी घेतलेले जाड खाचांचे टायर उरलेले साडेचार किलोमीटर नुसते ओढायचे! डांबरावर त्या खाचा घोंगावतात आणि पायातली ताकद खातात. त्यात हवा कमी असली तर विचारूच नका. बाभळीच्या काट्याला म्हणावे तर तो जाड-बारीक काही बघत नाही, दोन्हीत शिरतो.

शॉकअपचे तर आणखी नवल. महागड्या सायकलीत स्प्रिंगची उसळी आवरायला आत तेलाची सोय असते. स्वस्तातल्या सायकलीत बहुधा नुसती स्प्रिंग. उठून पायडल मारले की ती दबते, सोडले की उसळते. चढावर काही जोर तिथेच जिरतो. गावातल्या मिस्त्रीने एका वाक्यात सांगितले, "शॉकअप खालीवर हुतंय आन् पोरीचा जीवबी खालीवर हुतोय." वर अशा लोखंडी सायकलीचे वजन अठरा-वीस किलोच्या घरात. कोणी म्हणेल, जुनी काळी सायकल तरी कुठे हलकी होती? हलकी नव्हतीच. पण तिचे वजन कामाचे होते. मागे कॅरिअरवर पोते, पुढे दांड्यावर पोर, हँडलला दुधाची किटली. मोडली तर कुठल्याही पारावरचा मिस्त्री ती तासात उभी करी. शॉकअपवाल्या सायकलीला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. दप्तराचे ओझे पाठीवर आणि पावसाळ्यात चिखल पाठीवरच्या गणवेशावर.

मग सडसडीत रस्त्याची सायकल घ्यावी का? तीही नको. तिचे अरुंद टायर मुरमाच्या पहिल्याच खड्ड्यात रिमवर आपटतील. सातारा-पंढरपूरसारख्या मोठ्या रस्त्यावर ती शोभते, वस्तीच्या वाटेवर नाही. आपल्याला हवी मधली सायकल. सरळ चिमटा, शॉकअप नाही. टायर दीड इंचाच्या आसपास, मधोमध गुळगुळीत. गिअर नसला तरी चालेल. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, घंटी आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. उसाच्या ट्रॉल्यांच्या हंगामात संध्याकाळी परतणाऱ्या पोरांना तोच वाचवतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. वाचलेले पैसे दिव्यावर घाला, स्टिकरवर नको.

ज्यांना खेळ म्हणून सायकल धरायची आहे त्यांची गोष्ट वेगळी. तिथे निवड जरूर करावी, पण तीही रस्ता बघूनच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. ही सारी डांबरावरची तपश्चर्या. दुष्काळी पट्ट्यातल्या लांब, सरळ, मोकळ्या रस्त्यांवर पोराने पहाटे तीस-चाळीस किलोमीटर मारावेत, ते जमण्यासारखे आहे. जावळी-पाटणकडच्या पोराला दारातच रानवाटा आहेत, त्याने डोंगरी सायकल धरावी. पण ती खरी डोंगरी हवी. नुसते नाव डोंगरी आणि अंगात दम नाही, अशी नको. एवढे पैसे नसतील तर साध्या सायकलीवर पाय तयार करा. तयार झालेले पाय पुढे कुठल्याही सायकलीला चालतात.

हे फक्त आईबापांनी ऐकायचे नाही. मागास तालुक्यांत शासन मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत करते. ठिकठिकाणी पतसंस्था, देणगीदार, माजी विद्यार्थी सायकली वाटतात. फोटो निघतात, हार होतात. वाटणाऱ्यांना एकच विनंती. सायकल निवडण्याआधी त्या पोरींच्या वाटेने एकदा चालून या. आणि दर दहा सायकलींमागे एक पंप, पंक्चरचे सामान आणि पाना शाळेत ठेवा. शिपाईमामांना किंवा दोन मोठ्या पोरींना पंक्चर काढायला शिकवा. वाटलेली सायकल वर्षभर चालली पाहिजे, सत्काराचे खरे कारण तेवढेच.

राहिली ती गोठ्यातली सायकल. यंदा आप्पांनी ती मिस्त्रीकडे टाकली. त्याने शॉकअप काढून साधा चिमटा बसवला, तुटक्या गिअरचे लचांड उतरवून चेन आखूड करून एकाच चाकीवर घेतली, गुळगुळीत टायर चढवले, कॅरिअर ठोकले. खर्च झाला, पण नव्या सायकलीपेक्षा पुष्कळच कमी. आता पोरगी नववीत आहे आणि जादा तास करून अंधार पडायच्या आत घरी येते. परवा मी विचारले, "काय गं, आता हसतात का पोरी?"

म्हणाली, "हसत न्हाईत काका. कॅरिअरवर बसायला मागत्यात."