उतरावयाचे कोठे?



आपल्या खेड्यांतील कुटुंबांचा प्रवास पूर्वी ठरलेल्या वाटांनीच होत असे. लग्नकार्य, गावचे फेस्त, आजारपण किंवा दूरच्या नातलगांची भेट, यांपलीकडे उंबरठा ओलांडण्याचे कारण क्वचितच निघे. उतरावयाचे कोठे हा प्रश्न तर उद्भवतच नसे. आत्याचे किंवा मामाचे घर असे आणि पडवीत अंथरूण पसरले की भागत असे. आता काळ पालटला आहे. मुले शाळेतून थीम पार्कची वर्णने ऐकून येतात, आईबाप वर्षभर चार पैसे बाजूला ठेवतात, आणि मे महिना किंवा नाताळची सुटी आली की सारे कुटुंब आयुष्यात प्रथमच अशा ठिकाणी जावयास निघते, जेथे त्यांचे ओळखीचे कोणीही नसते.

अशा वेळी प्रवेशाच्या तिकिटांचा विचार पुष्कळ होतो, गाडीचाही होतो. मुक्कामाचा मात्र सर्वांत शेवटी, आणि तोही ‘स्वस्तात स्वस्त कोठे मिळेल’ एवढ्याच प्रश्नाने. वास्तविक सहलीची गोडी पुष्कळदा त्या खोलीवर अवलंबून असते. पाळण्यांत बसून मुलांनी आनंदाने आरोळ्या ठोकाव्यात आणि रात्री त्याच मुलांनी ओल्या कपड्यांत कुडकुडत, भुकेने रडत तासभर वाहनाची वाट पाहावी, तर घरी परतल्यावर आठवण कशाची राहील, हे सांगावयास नको.

उद्यान आणि हॉटेल यांचे नाते तसे जुने आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया संस्थानातील अ‍ॅनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी ‘डिस्नेलँड’ उघडले. उद्यान उभारतानाच त्यांची पुंजी इतकी खर्ची पडली होती की हॉटेल बांधणे त्यांच्या आवाक्यात नव्हते. तेव्हा जॅक रॅदर नावाच्या दूरचित्रवाणी-निर्मात्याने ते काम अंगावर घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उद्यानासमोर ‘डिस्नेलँड हॉटेल’ सुरू झाले. १९६१ साली तर उद्यानातील एकरुळी गाडी थेट हॉटेलाच्या दारापर्यंत नेण्यात आली. पुढे १९७१ साली फ्लॉरिडात दुसरे मोठे उद्यान उघडले, तेव्हा हॉटेलेही त्याच्याबरोबरच उघडली. व्यापारी मंडळींनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. थकलेले कुटुंब जवळच्या खोलीसाठी जास्त पैसे मोजावयास तयार असते. आपणही ती ओळखावी, आणि मग ते जास्तीचे पैसे आपल्या घरापुरते सार्थकी लागतील काय, याचा शांतपणे हिशेब करावा.

हा हिशेब कसा करावयाचा, हे बेळगाव-खानापूरकडील एका कुटुंबाचे उदाहरण कल्पून पाहू. नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि आजी अशी पाच माणसे आहेत. त्यांना बेंगळुरूचे ‘वंडरला’ पाहावयाचे आहे. हे उद्यान २००५ साली सुरू झाले. ते शहरात नाही. मैसूर रस्त्यावर बिडदीजवळ, शहरापासून सुमारे २८ किलोमीटर दूर आहे. कुटुंब रात्रीच्या गाडीने निघते आणि सकाळी बेंगळुरूस उतरते.

त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, स्थानकाजवळ मॅजेस्टिक भागात एखाद्या लॉजमध्ये उतरणे. दुसरी, बिडदी किंवा रामनगर येथे मैसूर रस्त्यावरच साधे हॉटेल पाहणे. तिसरी, उद्यानाला लागूनच असलेल्या उद्यानाच्याच निवासस्थानी राहणे. यांपैकी पहिली बहुधा सर्वांत स्वस्त आणि तिसरी बहुधा सर्वांत महाग.

परंतु नुसते भाडे म्हणजे खर्च नव्हे. शहरात उतरल्यास पाच माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे त्यात मिळवावे लागते. २०२३ सालापासून मेट्रो मॅजेस्टिकहून मैसूर रस्त्यावर चल्लघट्टपर्यंत जाते. तथापि पुढचे अंतर बसने किंवा मोटारीनेच काटावे लागते. त्याच वर्षी खुल्या झालेल्या बेंगळुरू-मैसूर द्रुतगती मार्गावर रिक्षांना ऑगस्ट २०२३ पासून मज्जाव आहे. त्यांना बाजूच्या रस्त्याने जावे लागते. म्हणून बिडदी परिसरात हॉटेल पाहतानाही ‘हॉटेल हमरस्त्यावर आहे’ एवढ्यावर संतुष्ट राहू नये. संध्याकाळी उद्यानाच्या फाटकापासून तेथवर कोणते वाहन मिळेल, किती वाजेपर्यंत मिळेल आणि ते काय घेईल, हे फोन करून विचारावे. अंतर किलोमीटरांत मोजू नये. दमलेल्या पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ते किती वेळाचे आहे, या मापाने मोजावे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पैसे एकाच रात्रीच्या मुक्कामाचे असतील, तर ती रात्र उद्यान पाहण्याच्या आदली नसावी. ती उद्यान पाहिल्यानंतरची असावी. आपली माणसे नेमके उलटे करतात. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करतात आणि उद्यानातून निघून त्याच रात्रीची परतीची गाडी गाठावयास धावतात. सकाळी उत्साह असतो. गाडीत झोप झालेले मूल तोंड धुऊन, पोटभर खाऊन उद्यानात हिंडावयास तयार असते. संध्याकाळी मात्र तेच मूल आईच्या खांद्यावर मान टाकते. पाण्यातले खेळ झालेले असतात, अंगावर शहारे आलेले असतात, पिशवीत पाच जणांचे ओले कपडे असतात. त्या वेळी जवळ ऊन पाणी, कोरडे अंथरूण आणि गरम जेवण मिळणे, हीच त्या पैशांची खरी किंमत.

सकाळी लवकर पोहोचल्यावर खोली लगेच मिळेल असे मात्र धरून चालू नये. अनेक हॉटेलांत खोलीचा दिवस दुपारी बारा किंवा दोन वाजता सुरू होतो. काही लॉजमध्ये आल्या वेळेपासून चोवीस तास धरतात. तेव्हा आधीच ठरवावे की सकाळी सामान ठेवू देतील काय आणि हातपाय धुण्याची सोय होईल काय. तसे नसेल, तर मोठ्या रेल्वे स्थानकांवर तिकीटधारकांसाठी विश्रांतिकक्ष असतात, त्यांची चौकशी करावी. घरात अगदी लहान मूल किंवा आजीसारखे वयस्क माणूस असेल, तर मात्र दोन रात्रींचा मुक्काम करावा आणि तो खर्च अन्यत्र वाचवावा.

पैसे भरण्यापूर्वी हॉटेलला आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. एका खोलीत किती माणसे राहू देतात? जादा गादीचे किती घेतात? यात एक गंमत ध्यानात ठेवावी : उद्यानवाले मुलाची उंची मोजून तिकीट ठरवतात, आणि हॉटेलवाले त्याचे वय विचारतात. म्हणून निघण्यापूर्वी मुलांची उंची घरीच भिंतीशी उभे करून मोजावी आणि वयाचा दाखलाही बरोबर असू द्यावा. प्रत्येक प्रौढ माणसाचे ओळखपत्र तर हवेच. सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे काय, हेही विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याहून महाग खोलीवर तो १८ टक्के आहे. ऊन पाणी सकाळीच येते की संध्याकाळीही, कपडे वाळत घालावयास जागा आहे काय, खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू असते काय, हे प्रश्न विचारावयास संकोच वाटू देऊ नये. आजीच्या गुडघ्यांना तिसऱ्या मजल्याचा जिना म्हणजे मोठी शिक्षाच.

खोलीत पाऊल टाकल्यावर आधी खिडक्यांचे गज आणि सज्जाचा कठडा पाहावा. हॉटेलात पोहण्याचा तलाव असेल, तर मोठ्या माणसावाचून मुलांना त्याच्या काठाशी जाऊ देऊ नये. आपली मुले नदीकाठची असली तरी तलाव निराळा. तेथे पायरी संपते आणि एकदम खोल पाणी लागते.

पैसे देताना सावध असावे. इंटरनेटवर हॉटेलांच्या नावांनी खोटी पाने आणि खोटे फोन-क्रमांक टाकून आगाऊ रक्कम उकळणारे लोक आहेत. भाडे कितीही आकर्षक वाटले, तरी अनोळखी क्रमांकावर सारी रक्कम पाठवू नये. उद्यानाच्या निवासस्थानात राहावयाचे असेल, तर क्रमांक उद्यानाच्याच अधिकृत पानावरून घ्यावा. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या शासकीय मदत-क्रमांकावर तात्काळ कळवावे; जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

बेळगावचे उदाहरण घेतले, तरी इतर ठिकाणच्या वाचकांनाही हाच हिशेब लागू पडतो. हैदराबादेजवळील रामोजी फिल्म सिटी १९९६ सालापासून आहे; तिचा विस्तार मोठा, आणि आवारातच लहानमोठ्या दरांची हॉटेले आहेत. बडोदे किंवा इंदूरकडून खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ पाहावयास येणाऱ्यांना २०१५ सालापासून उद्यानाला लागूनच हॉटेल मिळते. थोडे दूर खोपोली आणि लोणावळा येथेही सोय होते. ठिकाण बदलले, तरी फाटकापासून अंथरुणापर्यंतची संध्याकाळची वाट तेवढी तपासावी.

शेवटी एक विनंती घरातील कर्त्या पुरुषांना. मुक्कामाचा निर्णय एकट्याने घेऊ नका. आईला आणि घरच्या माउलीला विचारा. पैसे वाचावेत म्हणून जेवणाची सोय नसलेली खोली घेतली, तर तेथेही पहाटे उठून पोळ्या करावयाच्या कोणी? ओले कपडे पिळावयाचे कोणी? सर्वांच्या सहलीत एकीच्या वाट्याला घरचेच काम यावे, हे योग्य नव्हे. आजीलाही ‘तुला काय करायचे आहे तेथे?’ असे म्हणून घरी ठेवू नका. पाळण्यात ती बसणार नाही. पण फाटकाजवळ एखादी बरी खोली असेल, तर थोडा वेळ नातवंडांची मजा पाहून ती दुपारी पाठ टेकावयास जाऊ शकेल. बाहेर गेलेल्या माणसाला त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात की नाही, तेवढे उद्यानवाल्यांना आधी विचारून ठेवा.

घरातील सर्वांत अशक्त माणसाला जी जागा सोयीची, तीच साऱ्या कुटुंबाला सोयीची. तिच्यासाठी पाळण्याच्या एखाद-दुसऱ्या फेरीचे किंवा खेळण्यांचे पैसे कमी करावे लागले, तरी खुशाल करावेत. खेळणे आठ दिवसांत मोडते. आपण सारे एकत्र गेलो होतो आणि सुखाने परतलो, ही आठवण मुले आपल्या मुलांना सांगतील.