‘मेट्रोपोलिस’ची लेखिका, बेळगावचा जावई... आणि हिटलरची जर्मनी!

जमिनीखाली राबणारे कामगार, वर उंच इमारतींत ऐष करणारे मालक आणि बाईचं रूप घेतलेला यंत्रमानव... १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ म्हटला की दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचं नाव निघतं. २००१मध्ये युनेस्कोनं या चित्रपटाला ‘जागतिक स्मृती’च्या यादीत स्थान दिलं. पण ही दुनिया कागदावर उतरवली ती एका बाईनं. कादंबरी तिची, पटकथाही तिचीच. तिचं नाव थिया फॉन हार्बू.

१८८८ साली बव्हेरियात जन्मलेल्या थियाबाई आधी रंगभूमीवरच्या अभिनेत्री, मग कादंबरीकार. त्यांना भारताचं भारी वेड. एका भारतीय राजाच्या हुकमावरून कबर बांधायला निघालेल्या युरोपियन वास्तुविशारदाची कादंबरी त्यांनी १९१८मध्ये लिहिली. १९२१ साली जो मे यांनी तिच्यावर दोन भागांचा चित्रपट काढला. त्यातला ‘भारत’ उभा राहिला बर्लिनजवळच्या वोल्टर्सडॉर्फ इथं!

१९२२ साली थियाबाई आणि लांग यांचं लग्न झालं. ‘डॉ. माबुझ’, ‘निबेलुंगेन’, ‘एम’... १९३३पर्यंतच्या लांगच्या गाजलेल्या प्रत्येक चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता.

१९३३मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी घटस्फोट झाला. लांगनं देश सोडला आणि पुढे हॉलिवूड गाठलं. थियाबाई मात्र राहिल्या. १९३४ साली त्यांनी स्वतः दोन चित्रपट दिग्दर्शित केले. त्यानंतर पुन्हा पटकथा. १९३७चा ‘डेअर हेर्शर’ म्हणजे ‘सत्ताधीश’ हा एकहाती हुकमतीची भलामण करणारा चित्रपट. त्याच्या सहलेखिका थियाबाईच. नाझी पक्षाचं सदस्यत्वही त्यांनी घेतलं.

आणि घरात? घरात होते बेळगावकडचे आयी तेंडुलकर! बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे, वयानं त्यांच्याहून बरेच लहान. वंशशुद्धीचा डांगोरा पिटणाऱ्या राजवटीत भारतीयाशी उघड लग्न करणं शक्य नव्हतं, म्हणून ते गुपचूप झालं. पुढे तेंडुलकर भारतात परतले, थियाबाई बर्लिनमध्येच राहिल्या.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांना काही महिने छावणीत ठेवलं. सुटल्यावर बर्लिनच्या रस्त्यांवर विटा-दगडांचे ढिगारे उपसायची वेळ आली. पक्षात गेले ते इथल्या भारतीयांना मदत करता यावी म्हणून, असं त्यांचं म्हणणं होतं. मदत खरी असेलही, पण ‘डेअर हेर्शर’ कुणाच्या मदतीसाठी लिहिला होता?

१९५४च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये त्यांच्या जुन्या ‘डेअर म्युडे टोड’चा खेळ झाला. त्या सन्मानानं हजर होत्या. तिथून बाहेर पडताना त्या पडल्या आणि १ जुलैला गेल्या.

लांगच्या नावाआड झाकलेलं श्रेय थियाबाईंना मिळायलाच हवं. मात्र हिशेब पुरता मांडायचा, तर ‘मेट्रोपोलिस’ त्यांच्या जमेला आणि ‘डेअर हेर्शर’ही त्यांच्याच नावे!