गृहिणीचे पान : खोल दिसणारी बाळगोधडी



बाळाच्या बाप्तिस्म्याकरिता बाजारातून गुबगुबीत दुलई आणण्याचा प्रघात आता खेड्यांतही पडला आहे. ती आणू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु आजीचे झिजलेले लुगडे पेटीत कुजत पडावे आणि बाळाच्या अंगाखाली त्याचा एक तुकडाही नसावा, ही गोष्ट मनास रुचत नाही. यास्तव आज एका लहान गोधडीची कृती देत आहोत. ही गोधडी सपाट असूनही खोल दिसते. जणू लांब ओसरीच्या टोकाशी दिवा तेवत आहे.

धारवाडजवळच्या बेलूर गावाच्या बाजूस गोधडीला कानडी शेजारणी ‘कौदी’ म्हणतात. तेथून नैर्ऋत्येस, हल्याळ व यल्लापूरच्या रानभागांत सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतील. पोर्तुगीज अमदानीत त्यांतील अनेकांना गुलाम करून गोव्यास आणले गेले. कित्येक निसटून या रानांत वसले. त्यांना विकत घेणाऱ्यांत स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारेही होते, हे आपण विसरू नये. आज सिद्दींत हिंदू, मुसलमान व कॅथलिक असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कॅथलिक घरच्या कवंदीवर पुष्कळदा क्रूस शिवलेला आढळतो. २००४ साली हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाच्या साह्याने या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ साली त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्रात भरले.

आपण बहुधा मधून कडेकडे जातो. कवंदी मात्र कोपऱ्यापासून सुरू होते व कडेकडेने फिरत मध्याशी संपते. आपल्या कामास हीच रीत सोयीची.

जुन्या सुती लुगड्याचे ८० सेंटिमीटर लांबरुंद अस्तर अंथरावे. कडा आत दुमडाव्या. कपड्यांच्या चार राशी कराव्या : गडद, मध्यम, फिकट व अगदी फिकट. रंगाच्या नावावर जाऊ नये. डोळे किंचित मिटून पाहावे. जे काळोखे दिसेल ते गडद. मोठ्या नक्षीचे कापड बाहेर व बारीक बुट्टीचे आत ठेवावे.

पहिली फेरी गडद ठिगळांची, १३ सेंटिमीटर रुंद. दुसरी मध्यम, १० सेंटिमीटर. तिसरी फिकट, ७ सेंटिमीटर. चौथी अगदी फिकट, ५ सेंटिमीटर. मध्यभागी १० सेंटिमीटरांचा चौकोन उरेल. तेथे शुभ्र तुकडा बसवावा. शिवणीसाठी प्रत्येक ठिगळास चहूंकडून एक सेंटिमीटर अधिक ठेवावा. आतल्या फेरीची कड दुमडून बाहेरच्या फेरीच्या उघड्या कडेवर बसवावी, म्हणजे धागे सुटत नाहीत. धावदोरा सर्व थरांतून, कडेला समांतर व बोटभर अंतराने घालावा. शेवटी चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची त्रिकोणी ‘फुले’ लावावी. सिद्दी स्त्रियांस त्यांवाचून कवंदी उघडी वाटते. बाळाच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून ती घट्ट शिवावी. टिकल्या वा मणी मुळीच लावू नयेत.

खोली कशाने भासते? दूरची वस्तू लहान दिसते, हे डोळ्यास ठाऊक असते. म्हणून अरुंद होत जाणाऱ्या पट्ट्या त्यास दूर जाताना वाटतात. काळोखाकडून उजेडाकडे जाणारा रंग त्याच भासास बळ देतो. पट्ट्या सारख्या रुंदीच्या ठेवल्यास भास फिका पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विटलेले, काळपट म्हणून जे कापड आपण प्रथम फेकावयास काढतो, त्याच्याच आधाराने मधला शुभ्र चौकोन उजळतो. नुसत्या फिकट तुकड्यांची गोधडी सपाटच राहील. घरातील वृद्ध माणसांचे कष्ट व दुःखाचे दिवस बाळास सांगता येत नाहीत. परंतु त्यांच्या लुगड्याधोतरांच्या कडेने त्यास निजविता येते. प्रभू येशूही गव्हाणीत निजला तो आईने गुंडाळलेल्या साध्या बाळंत्यातच. तेव्हा, भगिनींनो, पावसाळ्यापूर्वी पेट्या उघडा आणि पहिले ठिगळ आजीच्या हातून घाला.