सावध राहा म्हणजे नेमके कोठे राहा?

२७ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी आदी राज्यांत एका दिवसात दोनशेहून अधिक विध्वंसक चक्रीवावटळी उठल्या आणि तीनशेच्या वर माणसे मेली. वावटळ म्हटले की आपल्या नजरेसमोर चैत्र-वैशाखात पाचोळा उडविणारी भोवरी येते. तिकडची वावटळ घरे पायापासून उचलते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. त्या दिवशी हवामानखाते झोपलेले नव्हते. आदल्या दिवसांपासून अंदाज दिले जात होते, रडार चालू होते, दूरदर्शन आणि भोंगे ओरडत होते, आणि जी माणसे मेली त्यांतील बहुतेकांच्या भागाला आगाऊ इशारा मिळालेला होता. इशारा सर्वांना मिळाला. तळघर मात्र सर्वांना मिळाले नव्हते. त्या देशात चाकांवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत राहणारे लोक दहात एकाहूनही कमी आहेत. परंतु वावटळींत मरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे त्या घरांतले असतात. जगातील सर्वांत श्रीमंत देशातही वारा माणसाची ऐपत पाहून आदळतो, असा याचा अर्थ होतो.

आमच्या केज तालुक्यात, नांदूरघाटच्या शिवारात, तसली वावटळ येत नाही. येथे येते ती वीज. मृगाच्या आधीची वळिवाची वादळे आणि पावसाळा परतताना होणारा गडगडाट हे तिचे दोन हंगाम. गारपिटीचे नुकसान मोठे असते, त्याचे पंचनामे होतात, मंत्री बांधावर येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातील ज्वारी, हरभरा आणि गहू आडवा झाला तेव्हा हे सारे झाले. वीज मात्र एकेकट्याला गाठते. एका गावात एक बाई, दुसऱ्या गावात दोन शेळ्या व एक पोरगा, तिसऱ्या गावात बैलजोडी. बातमी चार ओळींची होते आणि बेरीज कोणी करीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ती केली आहे. २०२२ साली निसर्गाच्या कोपाने देशात ८,०६० माणसे दगावली. त्यांपैकी २,८८७ विजेने. पूर, दरड, थंडी, उष्माघात यांपैकी एकानेही एकट्याने एवढे बळी घेतले नाहीत.

या बळींचे सरकारने काय केले? केंद्राने ज्या बारा आपत्ती अधिसूचित केल्या, त्यांत चक्रीवादळ आहे, त्सुनामी आहे, हिमस्खलन आहे, कीडही आहे, वीज नव्हती. राज्यांनी ती घालण्याची मागणी केली तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाला यादी वाढविण्याची गरज दिसली नाही. राज्यांनी आपल्या आपत्ती निधीतील दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरावी, ही सोय पुरेशी मानली गेली. महाराष्ट्राने त्या सोयीनुसार वीज कोसळणे ही राज्यापुरती आपत्ती मानली, हे बरे झाले. परंतु २०२३ साली केंद्राच्या संबंधित मंत्रालयातून जी भूमिका वृत्तपत्रांत आली, ती मुळातून तपासली पाहिजे. विजेचे मृत्यू लोकांना शिकवून टाळता येतात, म्हणून तिला राष्ट्रीय आपत्ती मानण्याची आवश्यकता नाही, असा तिचा आशय होता.

या वाक्यात एक मोठी चलाखी दडलेली आहे. मृत्यू टाळता येतो म्हणून सरकारची जबाबदारी वाढावयास हवी. येथे ती त्याच कारणाने कमी होते. टाळता येत असूनही मेला, म्हणजे मरणाराच अडाणी. वीज पडून मरणाऱ्या शेतमजुराला मेल्यावर नापास केले जाते आणि परीक्षक मोकळा होतो.

आता त्याला नेमके काय शिकविले जाते ते पाहू. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे अ‍ॅप काढले आहे. देशभर बसविलेल्या संवेदकांच्या जाळ्यावर ते चालते आणि आपल्याभोवती वीस-चाळीस किलोमीटरांत वीज कडाडत असेल तर ते सांगते. हे शास्त्रज्ञांचे चांगले काम आहे. माझा रोष त्यांच्यावर नाही. रोष आहे तो अ‍ॅप निघाले म्हणजे कर्तव्य संपले असे मानणाऱ्या शासनावर. कापसाला खत घालणाऱ्या बाईचा मोबाईल घरी असतो, किंवा नवऱ्याकडे असतो, किंवा बांधावरच्या पिशवीत असतो. तिच्यापर्यंत पोहोचणारा जुना इशारा म्हणजे जिल्ह्याचा अंदाज: बीड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला आष्टी, पूर्वेला परळी. या पसाऱ्यातील 'तुरळक ठिकाण' आपलेच शेत आहे काय, हे तिने कोणाला विचारावे? असा इशारा हंगामात दहादा येतो आणि नऊदा कोरडा जातो. दहा दिवसांची मजुरी सोडणे तिला परवडत नाही, म्हणून ती दहाही दिवस कामावर जाते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर तिचा हा निर्णय शहाणपणाचाच ठरेल. पर्यायच तेवढे असतील तर.

यंत्रसामग्री नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा औरंगाबादेत रडार बसले, विमाने उडाली, कोट्यवधी रुपये खर्ची पडले. ढगातून पाऊस पाडण्याचा देखावा करावयाचा तर रडार तातडीने येते; ढगापासून माणूस वाचविण्यासाठी तीच तातडी दिसत नाही. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली; राज्यात ती दोन हजारांहून अधिक आहेत. मंडळात किती पाऊस पडून गेला हे ती सांगतात, कारण पीकविम्याचा हिशेब त्यावर होतो. विमा कंपनीला मंडळाचा आकडा लागतो म्हणून तो मंडळापुरता अचूक मिळतो. मजुराला मात्र जिल्ह्याचाच अंदाज पुरेसा समजला जातो.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. समजा, इशारा मिळाला, अचूक मिळाला, अर्धा तास आधी मिळाला. मग जावयाचे कोठे? झाडाखाली थांबू नका हे आता शाळकरी पोरही सांगते. पण नांदूरघाटकडील माळावर उभे राहून चहूकडे पाहा. गाव दोन-तीन किलोमीटरांवर, मधे ढेकळांचे रान, आणि आडोसा म्हणून बांधावरची बाभूळ, लिंब किंवा पत्र्याचा आखाडा. भिंती नसलेला पत्रा विजेपासून वाचवीत नाही. माणसे झाडाखाली जातात ती अज्ञानामुळे जातात असे म्हणणाऱ्याने एकदा भर वळिवात मोकळ्या रानात गारा खात उभे राहून दाखवावे.

आणि वेळही माणसाची स्वतःची नसते. सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, म्हणजे नेमकी परतीच्या गडगडाटात येते आणि ती बहुधा गुत्त्याने दिली जाते. एकरामागे ठरलेली रक्कम, किती वेळ लागला याला किंमत नाही. आभाळ भरून आले की अशा वेळी हात थांबत नाहीत; उलट अधिक वेगाने चालतात. भिजलेल्या गंजीला मोड फुटतात, म्हणून माणसे ताडपत्री घेऊन गंजीकडे धावतात. शेतमालक धावतो, त्याची बायको धावते, मजूरही धावतात. तेथे मालकाला खलनायक करून भागत नाही. तीन एकरवाल्याचे वर्षाचे सारे त्या ढिगात असते. त्याला कर्जाने बांधले आहे, मजुराला गुत्त्याने, आणि दोघांना मिळून आपण सावधगिरीचे पत्रक देतो. तीच गोष्ट वळिवाच्या हंगामाची. कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोडकरी कुटुंबे कोपी मोडून घरी परततात, ती थेट नांगरट-वेचणीच्या रोजंदारीवर. उचल फिटलेली नसते; रोज बुडविण्याची ऐपत कोठून येणार?

शिक्षणाने मृत्यू टळतात या मताचे लोक अमेरिकेचा दाखला देतात. तेथे १९४० च्या दशकाच्या आरंभी विजेने वर्षाला तीनशे-चारशे माणसे मरत. आता सुमारे वीस मरतात, आणि लोकसंख्या तर दुपटीहून अधिक झाली. ही घट पत्रकांनी घडविली काय? पत्रकांचा, वैद्यकीय उपचारांचा वाटा आहेच. पण त्याच काळात तेथील माणसे शेतातून उठून कारखान्यांत व कचेऱ्यांत गेली, उरलेली बंद कक्षाच्या ट्रॅक्टरवर बसली, आणि घराघरांत आलेल्या नळांच्या व तारांच्या जाळ्यामुळे घर विजेला जमिनीत वाट देऊ लागले. आपल्या देशातले उदाहरण ओडिशाचे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलीन वादळात मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. अंदाज सुधारले, लाखो लोकांना हलविले, हे खरे. पण हलवून नेण्यासाठी किनाऱ्यावर पक्क्या निवारा-इमारती आधी बांधल्या होत्या. बांधकाम आधी, भोंगा मागून. बांगलादेशाने २०१६ साली विजेला आपत्ती जाहीर करून ताडाची झाडे लावण्याची मोहीम काढली. ताड उंच व्हावयाला दशके लागतात आणि लावलेली रोपे पुष्कळशी जगली नाहीत. आपल्याकडे अशी स्वस्त उत्तरे शोधणाऱ्यांनी तो अनुभव पाहावा. ग्रामपंचायतीच्या छतावर बसविलेला वीजवाहक दांडाही त्या छतापुरता उपयोगी. तो शिवार राखीत नाही.

लोकांना शिकवूच नये असे माझे म्हणणे नाही. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत आमच्याकडे अजून मेलेली नाही. ढग गरजला की एखाद्या पोरीला त्यापायी आडोशाबाहेर ठेवण्याचा विचार घरातली म्हातारी करू शकते. ती समजूत मोडली पाहिजे. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पक्के घर किंवा बंद काचांची गाडी हीच खरी जागा. काहीच नसेल तर एकमेकांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे, कारण जमिनीतून पसरणारा प्रवाह दोन पायांतील अंतराचा फायदा घेतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला ताबडतोब हात लावावा. हृदय थांबले असेल तर छातीच्या मध्यावर जोराने, लयीत दाब देत राहावे. भीतीने लांब उभे राहिल्यामुळे वाचू शकणारी माणसेही जातात. हे शिकविण्यास एक दुपार पुरते. ती दुपार शासनाने द्यावीच.

पैसा नाही ही सबब ऐकू येईल. आपत्तीचा पैसा आहे. तो मेल्यावर निघतो. मृताच्या वारसाला चार लाख, दुभत्या जनावराला ३७,५००, ओढकामाच्या जनावराला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० असे २०२२ चे दरपत्रक आहे. शवविच्छेदन, पंचनामा, वारसदाखला एवढे जमविले की धनादेश मिळतो, तहसीलदारांसमवेत छायाचित्रही निघते. या पत्रकात इशाऱ्यामुळे बुडालेल्या रोजाला रकाना नाही. पंधराव्या वित्त आयोगानेच आपत्तीच्या एकूण रकमेतील वीस टक्के निवारणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधी खर्चण्यासाठी, वेगळे काढले होते. शिवारात दर किलोमीटर-दीड किलोमीटरला भिंतींची, वीजवाहक बसविलेली आणि जमिनीशी नीट जोडलेली एक खोली बांधणे हे निवारण नव्हे काय? १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडलेल्या या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. कामाच्या जागी पाणी, सावली आणि मुलांसाठी निवारा असावा हे तत्त्व या राज्याला नवे नाही. सरकारी कामावरच्या मजुराला जी सावली कायद्याने देऊ केली, ती खाजगी शेतातल्या मजुराला आपण आभाळाच्या भरवशावर सोडली.

इशाऱ्याबाबतही मार्ग मोकळा आहे. २०२३ साली सर्वांचे मोबाईल एकाच वेळी किंचाळले, ते आठवत असेल. ठरावीक मनोऱ्यांच्या कक्षेतील हँडसेटवर, इंटरनेट नसताना, मराठीतही संदेश टाकता येतो हे तेव्हा चाचणीत दिसले. तो मंडळनिहाय द्यावा. ज्यांच्याजवळ हँडसेट नाही त्यांच्यासाठी मंदिर-मशिदीचे ध्वनिक्षेपक आहेत, ग्रामपंचायतीचे आहेत. आणि इशाऱ्याच्या तासांची मजुरी आपत्ती निधीतून मिळाली पाहिजे. तीन एकरवाल्यावर ती लादून चालणार नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांबरोबर जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना जिल्हा प्राधिकरणाचे सहअध्यक्षपद दिले. २०२२ साली मुदती संपल्यावर जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, म्हणजे ही खुर्ची लोकप्रतिनिधीवाचून राहिली; तिच्याकडून कोणी काही मागितलेही नाही. ग्रामसभा तरी आपली आहे. १ मेची ग्रामसभा वळिवाच्या तोंडावर येते, २ ऑक्टोबरची सोयाबीनच्या काढणीत. दोन्हींच्या विषयपत्रिकेवर शिवारातील निवाऱ्याचा ठराव घ्यावा, जागा गट क्रमांकासह लिहावी आणि त्याची प्रत तहसीलदारांकडून पोच घेऊन द्यावी.