‘जातीचं नको, रॉक म्हणा!’

जळगावातल्या एका कॉलेजचं गॅदरिंग. आम्ही चौघं निवडीला गेलो. एक गिटार, एक बेस, एक ऑक्टोपॅड आणि माझ्या गळ्यात डफडं. पहिलं कडवं संपायच्या आत सरांनी हात वर केला. गाणं भीमाचं होतं. सर म्हणाले, ‘‘वाजवता चांगलं रे, पण हे जातीचं नको. काहीतरी रॉक म्हणा.’’

दोस्तहो, हसावं की थोबाडीत द्यावी?

रॉक काय आभाळातून पडलं? अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्यांनी ब्लूज गायलं, त्याच्या पोटी ते जन्मलं. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई देवाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती, तेव्हा एल्विस शाळकरी पोर होता. ‘हाउंड डॉग’ १९५२ साली बिग मामा थॉर्नटननं रेकॉर्ड केलं. १९५६ साली तेच गाऊन एल्विस गडगंज झाला. आणि १९७० साली ब्लॅक पँथरच्या साध्या कार्यकर्त्यांनी ‘द लम्पेन’ नावाचा बँड काढला. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ज्यांच्यावरून दलित पँथर हे नाव घेतलं, त्यांचा स्वतःचा बँड होता!

कापूस आमच्याही बाया वेचतात सर. चोपड्यात वेचतात, शिरपुरात वेचतात. तिकडच्या कापसातलं गाणं रॉक आणि इकडच्या कापसातलं गाणं जातीचं. हा हिशेब कुणी लिहिला?

खानदेशात बँड नवा नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांनी फुंकल्याशिवाय तुमची वरात हलत नाही. वाजवणारा मात्र मांडवाबाहेर जेवतो. साक्रीकडं जा. आदिवासींची पावरी म्हणजे भोपळ्याचं, बांबूचं वाद्य. तिचा सूर आता कीबोर्डवर चढलाय, गाडीवर स्पीकरची भिंत उभी राहते आणि रात्रभर गाव नाचतं. छोट्या गावचा इलेक्ट्रिक बँड अजून कसा असतो? पण त्याला तुम्ही गोंगाट म्हणता. तेच पुण्यात एखाद्या गोऱ्यागोमट्या पोरानं केलं की पेपरात अर्धं पान.

हे झालं त्यांचं. आता आपलं.

मी डफडं घेऊन घरी आलो तेव्हा आई कडाडली, ‘‘तुना आजानी डफडं टाकी दिन्हं, आते तू गयाम्हा घालस?’’

सरांना उत्तर सोपं होतं. आईला नव्हतं. आजा गावकीत वाजवायचा. कुणाचं लग्न, कुणाची मयत. मोबदला काय, तर शिळे तुकडे. बाबासाहेबांची चळवळ गावात आली, आज्यानं ढोरं ओढणं टाकलं, डफडंही टाकलं. गावानं बहिष्कार घातला, तरी उचललं नाही. त्या नकाराची किंमत आज्यानं उपाशी राहून दिली. म्हणून ‘लोककला जपा’ म्हणून गळे काढणाऱ्या पांढरपेशांना मी सांगतो, तुमच्या जपण्यासाठी आम्ही पुन्हा दारात उभे राहणार नाही.

मग मी का वाजवतो? आज्यानं चामडं टाकलं नव्हतं, चाकरी टाकली होती. सुपारी घेऊन सावकाराच्या दारात वाजवणं वेगळं आणि आपल्या माणसांत, आपल्या शब्दांसाठी वाजवणं वेगळं. जलसेकऱ्यांनी तेच केलं. भीमराव कर्डकांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यातून गणपती हाकलून बाबासाहेब आणले. २०१८ साली चेन्नईत ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ मंचावर आला. मयतीला गायलं जाणारं गाना त्यांनी गिटारच्या शेजारी ताठ उभं केलं. वाद्याला जात नसते. जात असते कुणाच्या हुकमानं वाजतं त्यात.

गॅदरिंगला आम्ही वाजवलं नाही. भीम काढून स्टेज मिळत होतं, ते लाथाडलं. धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगला आहे. १९३७ च्या ३१ जुलैला बाबासाहेब तिथं थांबले होते. दरवर्षी त्या दिवशी आपली माणसं पावसात चिखल तुडवत तिथं येतात. आम्हाला तिथं वाजवायचंय. अँप मिळाला तर अँपवर, नाहीतर उघड्यावर.

आईला म्हणालो, तू पुढं बस. एकही सूर लाचार वाटला, तर स्टेजवर ये आणि डफडं माझ्या गळ्यातून काढून घे.

ती अजून हो म्हणाली नाही. पण परवा चुलीपाशी डफडं शेकायला तिनंच जागा करून दिली.