'न भाजता' या शब्दाविषयी

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेतील गृहविषयक नियतकालिकांत आणि पाकपुस्तकांत 'नो-बेक' हे विशेषण ठळकपणे दिसू लागते. 'नो-बेक' म्हणजे ओव्हनमध्ये न भाजता केलेले. या विशेषणाखाली येणाऱ्या नाताळच्या गोडधोडात मसालेदार बिस्किटांच्या चुऱ्याचे ट्रफल विशेष लोकप्रिय आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी अशा पदार्थाकडे का पाहावे, असे कुणी विचारील. पाककृती ही एक संहिता आहे, एवढे उत्तर त्याला पुरेसे व्हावे. तिला शीर्षक असते, निवेदक असतो, गृहीत वाचक असतो. आणि शीर्षक काही एक दावा करीत असते. 'न भाजता' हा असाच एक दावा आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात सणांच्या श्रमांविषयी आणि 'घरचे' या आपल्या लाडक्या शब्दाविषयी बरेच काही दडलेले आहे.

आधी कृती पाहू. आल्याची पातळ, कुरकुरीत बिस्किटे (तिकडे त्यांना जिंजरस्नॅप म्हणतात) सुमारे ३०० ग्रॅम घेऊन त्यांचा रव्यासारखा बारीक चुरा करावा. १५० ग्रॅम क्रीम चीज बाहेर ठेवून मऊ होऊ द्यावे. त्यात हा चुरा आणि दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग यांची मिळून लहान चमचाभर पूड मिसळून गोळा मळावा. त्याच्या लहान लिंबाहूनही लहान अशा तीसेक गोळ्या वळून तासभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात. गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात २०० ग्रॅम चॉकलेट वितळवावे, एकेक गोळी काट्यावर धरून त्यात बुडवावी, जास्तीचे चॉकलेट निथळू द्यावे आणि आवरण ओले असतानाच वर चिमूटभर चुरा भुरभुरावा. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब गेला तर ते दाटून गोळा होते. गोळ्या फार गार असतील तर आवरण सुकल्यावर तडकते, कारण आतला भाग पुन्हा उबदार होताना किंचित फुगतो. आत क्रीम चीज असल्याने हा पदार्थ फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. 'ट्रफल' हे नाव मुळात जमिनीखाली वाढणाऱ्या एका महागड्या कवकाचे. कोकोच्या पुडीत घोळवलेली चॉकलेटची ओबडधोबड गोळी मातीने माखलेल्या त्या कवकासारखी दिसते, म्हणून ते नाव मिठाईला मिळाले.

या कृतीत ओव्हन कुठेच नाही, हे खरे. पण चुरा कशाचा? भाजलेल्या बिस्किटांचा. म्हणजे भाजण्याची क्रिया नाहीशी झालेली नाही. ती फक्त संहितेबाहेर गेली आहे. कुठल्या तरी कारखान्यात लांबलचक भट्टीतून, पट्ट्यावरून सरकत ही बिस्किटे आधीच भाजून निघाली आहेत. पीठ कुणी मळले, भट्टीच्या धगीपाशी कोण उभे होते, डबे कुणी भरले, हे सारे 'साहित्य' या सदरातल्या एका ओळीत मिटले आहे : बिस्किटे, ३०० ग्रॅम. मराठीत पाककृतीच्या जिनसांना आणि वाङ्मयाला एकच शब्द असावा, हा योगायोग इथे बोलका ठरतो. दोन्ही ठिकाणी 'साहित्य' हाती येते ते कुणाच्या तरी आधीच्या श्रमांतून, आणि दोन्ही ठिकाणी तो आधीचा कर्ता विसरणे सोयीचे असते.

आपल्या पाकपुस्तकांची रूढ भाषाही या विसरण्याला हातभार लावते. 'चुरा करावा', 'गोळ्या वळाव्यात', 'थंड होऊ द्यावे' अशा विध्यर्थी रूपांत कर्ता उच्चारावाच लागत नाही. वरची कृती मीही त्याच रूपांत सांगितली आहे, आणि वाचताना कुणाला काही खटकले नसेल. मराठी वाचक त्या रिकाम्या जागी बाईला आपोआप बसवतो. तिचे नाव घ्यावे लागत नाही, एवढी ती गृहीत धरलेली असते.

कर्त्याच्या लोपाचे याहून जुने आणि याहून क्रूर उदाहरण या बिस्किटांच्या मसाल्यात आहे. नेदरलँड्समध्ये संत निकोलसच्या सणाला, म्हणजे ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, स्पेक्युलास नावाची मसालेदार बिस्किटे खाण्याची प्रथा आहे. कोरीव लाकडी साच्यांत पीठ दाबून त्यांना आकार देतात. त्यांत दालचिनी, लवंग आणि जायफळ असते. सतराव्या शतकाच्या आरंभी जायफळाचे पीक इंडोनेशियातील बांदा बेटांवरच येत असे. त्या व्यापाराची मक्तेदारी मिळवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ साली यान पीटरझोन कून याच्या नेतृत्वाखाली तिथल्या बहुसंख्य रहिवाशांना ठार केले, हाकलले किंवा गुलाम केले. नाताळचा म्हणून जो उबदार वास आज सांगितला जातो, त्याच्या घडणीत हा इतिहासही आहे. म्हणून कुणी जायफळ सोडावे, असे मी म्हणणार नाही. पण 'साधी, झटपट कृती' म्हणून जे आपल्यापुढे येते, त्यातला साधेपणा कुणाच्या खर्चाने आला, हे विचारण्याची सवय समीक्षेने आपल्याला लावली आहे. ती सवय स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर काढून ठेवण्याचे कारण नाही.

आता थोडे आपल्याकडे वळू. उरलेल्या पोळ्या कुस्करून, तुपागुळात मळून केलेला पोळीचा लाडू मराठी घरांत सर्वांच्या ओळखीचा आहे. रचनेच्या दृष्टीने तो बिस्किटांच्या ट्रफलचा सख्खा भाऊ ठरतो. आधी शिजलेले काही, त्याचा चुरा, त्याला बांधणारा स्निग्ध पदार्थ आणि वळणारा हात, एवढीच दोघांची घडण. डेन्मार्कमधल्या बेकऱ्यांत उरलेल्या केकचा लगदा करून, त्यात कोको आणि रमचा स्वाद घालून 'रोमकुगले' नावाचे गोळे करतात, तेही याच कुळातले. पण पोळीच्या लाडवाला आपण कधी 'न भाजलेला' म्हटलेले नाही. सकाळची पोळी तव्यावर कुणी भाजली, हे त्या घराला ठाऊक असते. बहुधा पोळी भाजणारी आणि लाडू वळणारी एकच असते. त्या लाडवाला स्वतःच्या पूर्वायुष्याची स्मृती आहे. ट्रफलच्या नावातून मात्र ती स्मृती पुसली गेली आहे. भेद आहे तो या स्मृतीचा. आळस, चव किंवा संस्कृतीची उंची यांचा इथे संबंध नाही.

शिवाय 'न भाजता' ही कोटीच ओव्हनला स्वयंपाकाचे केंद्र मानणाऱ्या संस्कृतीची आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला नेवऱ्या आणि कुलकुल तळतात, दोदोल कढईत तासन्तास घोटतात. बेबिंका थरावर थर देत वरच्या आचेवर भाजतात. यांतल्या नेवरीला कुणी 'नो-बेक' म्हणणार नाही, कारण न भाजणे हा तिथे अपवादच नाही. महाराष्ट्रात तर घरी ओव्हन नसल्याने नानकटाईचे पीठ घरी मळून, पत्र्याच्या थाळ्यांत मांडून जवळच्या बेकरीच्या भट्टीवर भाजून आणण्याची पद्धत होती. ती नानकटाई निःशंकपणे 'घरची' म्हणून पाहुण्यांपुढे ठेवली जाई. भट्टी दुसऱ्याची, आच दुसऱ्याची, लक्ष ठेवणारा कामगार दुसरा. तरी 'घरची' या शब्दाला बाध येत नसे. म्हणजे 'घरचे' याचा अर्थ 'आरंभापासून शेवटपर्यंत सारे आपणच केलेले' असा आपण पूर्वीही घेत नव्हतो. तो कडक अर्थ मागाहून आला, आणि तो प्रामुख्याने बायकांना मोजण्यासाठी वापरला गेला.

इथे दोन आक्षेप संभवतात. पहिला शुद्धतावाद्यांचा : विकतची बिस्किटे चुरून वळलेल्या गोळ्यांना पाककला म्हणणे ही फसवणूक आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपली शुद्धता कुठून सुरू होते ते सांगावे. दळलेले पीठ विकत आणलेले चालते, साखर चालते, लोणी चालते. मग बिस्किटांपाशीच सीमारेषा का? ही रेषा प्रत्येक पिढीत थोडी पुढे सरकत आलेली आहे. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. स्वयंपाक सासू किंवा आईच्या हाताखाली शिकण्याऐवजी छापील पुस्तकावरून शिकणे हीदेखील तेव्हा कुणाला तरी पळवाट वाटली असेल. आज तेच पुस्तक परंपरेच्या बाजूने साक्षीला उभे केले जाते.

दुसरा पक्ष बाजाराचा. तो म्हणतो, पाच मिनिटांत करा, श्रम विसरा. याच्या आश्वासनाकडेही सावधपणे पाहायला हवे. अमेरिकेत १९२१ साली एका पीठ-कंपनीने ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देताना सही करण्यासाठी 'बेटी क्रॉकर' हे नाव कल्पिले. ही बाई कधीच अस्तित्वात नव्हती, तरी देशभरातल्या स्त्रिया तिचा सल्ला मानीत. कल्पित निवेदकाचे इतके यशस्वी उदाहरण कादंबरीतही सहज सापडणार नाही. तिचा आपुलकीचा सूर पीठ विकण्यासाठी होता, हे उघड आहे. याउलट १९६० साली पेग ब्रॅकन या लेखिकेने 'द आय हेट टू कुक बुक' लिहून स्वयंपाकाचा कंटाळा येतो, हे स्वतःच्या नावाने सांगितले. डबाबंद जिनसांचा आधार दोघींच्या कृतींत सापडतो. पण एकीचा आवाज बाजाराने रचलेला आहे आणि दुसरीचा अनुभवातून आलेला आहे. आडवाट कोणती धरली यापेक्षा ती कोण, कुणाच्या वतीने सुचवते, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच या ट्रफलच्या बाजूने बोलताना मी 'झटपट' या गुणाचा आधार घेणार नाही. तीस गोळ्या एकेक करून वळणे, बुडवणे, निथळवणे यात दीड-दोन तास सहज जातात. ते काम हलके नाही. या पदार्थाचा खरा गुण असा, की यातले जे काम उरते ते अनेकांना वाटून घेता येते. भट्टीच्या धगीपाशी एकीनेच उभे राहण्याची गरज उरत नाही. मुले चुरा करतात, म्हातारी माणसे बसल्या जागी गोळ्या वळतात, आणि स्वयंपाकघरात एरवी पाऊल न टाकणारा पुरुषही काटा धरून चॉकलेटशी झगडू शकतो. विध्यर्थी क्रियापदामागची ती रिकामी जागा इथे निदान काही काळ अनेकवचनी होते. सणाचे गोड म्हणजे घरातल्या एकीने रात्रभर जागून सिद्ध करायची परीक्षा, ही समजूत ज्या पदार्थाने थोडी तरी सैल होते, त्याला फसवणूक म्हणायला माझे मन धजत नाही.

दिवाळीच्या फराळाविषयी आपल्याकडे दरवर्षी होणारी कुजबुज यापेक्षा फार वेगळी नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीने चकल्या विकत आणल्या तर तिला त्याचे कारण द्यावे लागते. पुरुषाला ते कुणी विचारीत नाही. आणि ज्या बाईने त्या चकल्या पैशासाठी तळून दिल्या, तिचे नाव या दोन्ही संभाषणांत येत नाही. विकत आणणारीला लाज वाटते आणि करून देणारी अदृश्य राहते. 'घरचे' या शब्दाचे हे दुहेरी ओझे आहे. त्यातली लाज आपण टाकून द्यावी. करून देणारी मात्र विसरली जाऊ नये.

तेव्हा सूचना एवढीच. हे ट्रफल खुशाल करावेत, पण त्यांना 'न भाजता' म्हणू नये. 'दुसऱ्यांनी भाजलेल्या बिस्किटांचे' हे नाव लांब आहे आणि आकर्षकही नाही, पण ते खरे आहे. वर्गात पाककृती हा वाङ्मयप्रकार शिकवण्याची संधी मिळाली, तर विद्यार्थ्यांकडून एक सोपा अभ्यास करून घ्यावा : कुठलीही एक कृती घ्यायची, तिच्यातल्या प्रत्येक '-आवे'पुढे कर्ता लिहायचा आणि 'साहित्य' या सदरातल्या प्रत्येक जिनसेमागे किमान एक हात शोधायचा. अर्ध्या पानाची कृती दोन पाने होईल. त्या वाढलेल्या दीड पानावर वर्गात चर्चा व्हावी.