कॅमेरा तुमचा, पण त्यावर लेन्स कुणाची चालणार हे कोण ठरवतं?

गेल्या फेब्रुवारीत आम्ही पाच जण भिगवणला गेलो होतो. उजनीच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, कुरवांचे थवे होडीच्या मागे लागतात, आणि नशीब असेल तर ऑस्प्रे मासा उचलताना दिसतो. पक्षी हे अर्थात निमित्त. खरी उत्सुकता अशी की प्रत्येकाच्या बॅगेत काहीतरी नवं होतं. डॉक्टरांनी सेकंडहँड सोनी ए९ वर टॅमरॉनची १५०-५०० लावून आणली होती. आमच्या बँकवाल्या मित्राने कॅनन आर८ साठी सिग्माची १८-५० एफ २.८ घेतली होती, होडी, माणसं, पहाटेचं धुकं वगैरे टिपायला.

परतताना ढाब्यावर लॅपटॉप उघडला. बँकवाल्याचा ग्रुप फोटो झकास होता, पण झूम केला तर फारसं काही उरेना. फाइलची माहिती उघडली. आर८ चा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, आणि फोटो साधारण ९ मेगापिक्सेलचा!

"अरे, सेटिंगमध्ये काही गडबड केलीस का?" डॉक्टरांनी विचारलं. गडबड सेटिंगमध्ये नव्हतीच. ती लेन्स एपीएस-सी म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली आहे. फुल फ्रेम आर८ वर लावली की कॅमेरा ते ओळखतो आणि सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो. दुकानदार काही खोटं बोलला नव्हता. आरएफ माउंटला बसते का? बसते. ऑटोफोकस चालतो का? चालतो. विचारायचा होता तो तिसराच प्रश्न, आणि तो विचारायचा असतो हे आमच्या मित्राला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्याने सिग्माची फुल फ्रेमवाली २४-७० का नाही घेतली? कारण आरएफ माउंटमध्ये ती नाहीच. सोनीवाल्यांना मिळते, एल-माउंटवाल्यांना मिळते, कॅननवाल्यांना नाही. सिग्माला बनवता येत नाही म्हणून नव्हे. हा सगळा मामला परवानगीचा आहे, आणि मिररलेस कॅमेरा घेताना बहुतेकांच्या डोक्यात तो येतच नाही.

थोडं मागे जाऊ. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्या मध्ये आरसा असायचा, त्यामुळे माउंटपासून सेन्सरचं अंतर जास्त ठेवावं लागायचं. कॅननच्या १९८७ च्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिलिमीटर होतं, निकॉनच्या १९५९ च्या एफ माउंटमध्ये ४६.५. आरसा गेला आणि २०१८ मध्ये दोघांनी नवे माउंट आणले. कॅनन आरएफमध्ये हे अंतर २० मिलिमीटर, निकॉन झेडमध्ये १६. लेन्स डिझाइन करणाऱ्यांची चैन झाली. पण त्याच वेळी कंपन्यांना पाटी कोरी करून मिळाली. जुन्या माउंटवर सिग्मा, टॅमरॉन, टोकिना वर्षानुवर्षं लेन्स विकत होत्या, कॅमेरा आणि लेन्स एकमेकांशी काय बोलतात ते उलगडून. नव्या माउंटवर ही भाषाही नवी झाली.

आणि भाषा म्हणजे नुसतं "फोकस कर" एवढंच नाही. ईएफवर ८ संपर्क बिंदू होते, आरएफवर १२ आहेत. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे लेन्सला बारीक बारीक पावलं टाकत सतत कॅमेऱ्याचं ऐकावं लागतं. त्यात आता काचेचं अर्धं काम सॉफ्टवेअर करतं. कॅननचीच छोटी आरएफ १६ एमएम एफ २.८ घ्या. तिची रॉ फाइल दुरुस्तीशिवाय उघडलीत तर सरळ रेषा पिंपासारख्या फुगलेल्या आणि कोपरे काळवंडलेले दिसतात. कॅमेऱ्याला त्या लेन्सची माहिती असते, म्हणून आपल्याला चित्र सरळ दिसतं. थोडक्यात, आजची लेन्स म्हणजे थोडी काच आणि थोडा डेटा. तो डेटा कुणाला वाचू द्यायचा हे माउंटचा मालक ठरवतो.

कॅननने काय ठरवलं ते २०२२ मध्ये स्पष्ट झालं. विल्ट्रॉक्स या चिनी कंपनीने आरएफच्या ऑटोफोकस लेन्स बाजारात आणल्या होत्या, त्या तिने अचानक विकणं थांबवलं. त्या लेन्स आपल्या पेटंट आणि डिझाइन हक्कांचं उल्लंघन करतात, असं कॅनन जर्मनीने सांगितलं. पुढची दीड-दोन वर्षं आरएफवाल्यांना इतर कंपन्यांकडून जवळपास मॅन्युअल फोकसच्याच लेन्स मिळत राहिल्या. एप्रिल २०२४ मध्ये दार किलकिलं झालं. सिग्माने परवान्याखाली सहा लेन्स जाहीर केल्या, टॅमरॉनने ११-२० जाहीर केली. पण सगळ्या एपीएस-सी! २०२५ सरत आलं तरी सिग्मा-टॅमरॉनची फुल फ्रेम आरएफ लेन्स आलेली नाही.

असं का, याचं कॅननने दिलेलं कारण माझ्याकडे नाही, पण हिशोब लावता येतो. तेव्हा कॅननच्या स्वतःच्या छोट्या सेन्सरसाठीच्या आरएफ-एस लेन्स होत्या चार. चारही झूम, एफ २.८ ची एकही नाही. आर५० किंवा आर१० घेणाऱ्याला कमी उजेडात फोटो काढायचे तर जायचं कुठे? तो फुजी किंवा सोनीकडे जाणार. म्हणजे जिथे स्वतःला स्वयंपाक करायचा नाही, तिथे कॅननने शेजाऱ्याला चूल मांडू दिली. फुल फ्रेमचं स्वयंपाकघर मात्र कमाईचं आहे, त्याला कुलूप आहे.

कॅननच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी आरएफ २८-७० एफ २.८ एसटीएम आणली, जाहीर किंमत साधारण ११०० डॉलर. त्यांची महागडी २४-७० एफ २.८ एल २०१९ मध्ये २३०० डॉलरला आली होती, त्या मानाने ही निम्म्यात. म्हणजे पोकळी त्यांना दिसते. फक्त ती आपणच भरणार, आपल्या सवडीने, आपल्या किमतीत. पेटंट त्यांची आहेत, संशोधनाचा खर्च त्यांचा आहे, हेही खरं. तरीही प्रिंटर स्वस्तात घेऊन शाईत कापला गेलेला माणूस हे गणित पटकन ओळखेल.

आता सोनी. २०१० मध्ये ई-माउंट आला तेव्हा त्यासाठी लेन्स बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. अडला हरी म्हणा हवं तर, पण सोनीने एप्रिल २०११ पासून माउंटची मूलभूत माहिती इतर कंपन्यांना विनामूल्य देऊ केली. आज सेकंडहँड बॉडी घेऊन हौस भागवणाऱ्याला ई-माउंटइतकी निवड क्वचितच कुठे मिळते, त्याचं मूळ त्या निर्णयात आहे. माझं मत विचाराल तर मोकळेपणा हा कंपनीचा स्वभाव नसतो, तिची त्या वेळची गरज असते. बाजारात मागे असलेला दार उघडतो, पुढे असलेला लावून घेतो.

सोनीचं दारही सताड उघडं नाही बरं का. ओसरीवर बसा, माजघरात नको, असा प्रकार आहे. दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली की सलग फोटोंचा वेग सेकंदाला १५ वर थांबतो. ई-माउंटच्या सिग्मा-टॅमरॉनवर टेलीकन्व्हर्टर लावता येत नाही. व्हिडिओत फोकस बदलताना चित्र आत-बाहेर सरकतं, ते सावरण्याची नव्या बॉडीतली सोय सोनीच्याच निवडक लेन्सवर चालते. डॉक्टरांचा ए९ सोनी लेन्सवर सेकंदाला २० फोटो काढतो, टॅमरॉनवर १५. त्या दिवशी ऑस्प्रेचा फोटो हुकला त्याचं खापर त्यांनी या ५ फोटोंवर फोडलं. मी शेजारीच बसलो होतो, ते मेनूत डोकं घालून बसले होते तेव्हा ऑस्प्रे मासा घेऊन गेलासुद्धा. आपल्यासारख्या हौशी माणसाला १५ भरपूर झाले. पण ए९ थ्री सेकंदाला १२० फोटो काढतो, त्यावर परकी लेन्स लावणं म्हणजे घोडा घेऊन टांग्याला जुंपणं.

निकॉन मधल्या वाटेवर आहे. २०२२ मध्ये टॅमरॉनची ७०-३०० परवान्याने झेडवर आली, २०२३ मध्ये सिग्माच्या तीन एपीएस-सी प्राइम. शिवाय निकॉनच्याच नावाने मिळणाऱ्या २८-७५, १७-२८ आणि ७०-१८० या एफ २.८ लेन्सची रचना टॅमरॉनच्या लेन्सशी इतकी जुळते की जाणकार त्या टॅमरॉनच्याच धरून चालतात. यातली गंमत लक्षात घ्या. टॅमरॉनने २०२३ मध्ये ७०-१८० ची दुसरी आवृत्ती आणली, तिच्यात कंपन रोखण्याची सोय आहे. निकॉनच्या नावाची ७०-१८० त्याच वर्षी आली, पण जुन्या आवृत्तीसारखी, त्या सोयीविना. फुजीने २०२० नंतर दार उघडलं, आणि लायका-पॅनासोनिक-सिग्मा यांचा एल-माउंट तर २०१८ पासून भागीदारीचाच आहे. २०२५ मध्ये विल्ट्रॉक्सही त्यात सामील झाली. तीन वर्षांपूर्वी एका माउंटवरून माघार घेतलेली कंपनी दुसऱ्या माउंटवर रीतसर भागीदार!

या चिनी कंपन्यांमुळे हौशी लोकांचं गणित खरोखर बदललंय. विल्ट्रॉक्सची एपीएस-सीवरची ५६ एमएम एफ १.७ एअर १४० डॉलरच्या आत जाहीर झाली, वजन जेमतेम १७० ग्रॅम, आणि ऑटोफोकससकट. पोर्ट्रेटची आवड आहे की नाही हे अजमावायला एवढ्यात भागतं. पण इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो, दोन्ही कंपन्यांची नावं न घेता. दोन वर्षांपूर्वी अशीच एक स्वस्त प्राइम घेतली, सहा महिने फार सुंदर चालली. मग एका रात्री कॅमेऱ्याचं नवं फर्मवेअर टाकलं आणि लेन्स वेड्यासारखी फोकस शोधत मागेपुढे फिरायला लागली. चार दिवसांवर मावसभावाच्या मुलाची मुंज. अख्खी मुंज हाताने फोकस करत काढली. मातृभोजनाचे दोन फोटो आजही बघवत नाहीत. लेन्स कंपनीने दुरुस्तीचं फर्मवेअर दिलं, पण काही आठवड्यांनी. लेन्सच्या मागच्या बाजूला यूएसबी-सी होतं म्हणून ते घरी टाकता तरी आलं. तेव्हापासून परकी लेन्स असेल तर महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी मी कॅमेरा अपडेट करत नाही.

म्हणून लेन्स आवडली तरी आधी दोन दिवस भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत मिळतात. आणि ती तुमच्याच बॉडीवर लावून बघा, दुसऱ्याच्या यूट्यूब व्हिडिओतल्या बॉडीवर ती कशी चालते याला फार अर्थ नाही. मी पहिला फोटो काढला की फाइलचा आकार बघतो (भिगवणचा धडा), मग माहितीत लेन्सचं नाव नीट उमटतंय का ते. मेनूत लेन्स करेक्शनचे पर्याय करडे झाले असतील तर दुरुस्ती आपल्यालाच संगणकावर करावी लागणार. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला चारही कोपरे तपासतो. एकच कोपरा मऊ येत असेल तर त्या नगातच काच वाकडी बसलीय, नग बदलून मागा. नंतर सोसायटीतल्या एखाद्या पोराला कॅमेऱ्याकडे धावत यायला सांगतो. चार्टवर सगळ्याच लेन्स हुशार असतात, धावणाऱ्या पोरापुढे खरं काय ते कळतं. आणि भारतातली वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. "काका, बिल नको असेल तर कमी करतो" असं म्हणणारा दुकानदार नंतर ओळख देत नाही.

जुन्या लेन्स असतील तर त्या विकायची घाई नको. ईएफ ते आरएफ अडॅप्टरमध्ये काच नसते. ४४ आणि २० मधलं २४ मिलिमीटर अंतर भरायचं आणि विजेचे संपर्क पुढे न्यायचे, एवढंच त्याचं काम. म्हणून जुन्या ईएफ लेन्स, सिग्मा-टॅमरॉनच्यासुद्धा, आर कॅमेऱ्यांवर छान चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर मात्र आपली लाडकी ५० एमएम एफ १.८ डी फोकस करत नाही, कारण तिला फिरवणारी मोटर जुन्या बॉडीत असायची आणि अडॅप्टरमध्ये ती नाही.

बँकवाल्याने शेवटी हीच वाट धरली. ईएफ माउंटची टॅमरॉन २४-७० एफ २.८ जी-टू सेकंडहँड घेतली, अडॅप्टर लावला. आता फोटो पूर्ण २४ मेगापिक्सेलचे येतात. सिग्माची १८-५० त्याच्या मुलीच्या आर५० वर गेली, तिथे ती अगदी शोभून दिसते. फक्त ती ३०० ग्रॅमची होती आणि ही अडॅप्टर न धरता ९०० ग्रॅमची आहे. यंदा भिगवणला जाताना बॅग कोण उचलणार यावरून आत्तापासूनच ग्रुपवर वाद चालू आहे.